पेढेवाला कोल्हा

धनगराचं कुत्रं परक्याच्या हातचं खात नाही. कुणीही उठून तुकडा टाकला आणि ते गप्प बसलं, तर कळप राखायचा कुणी? म्हणून पिल्लू असल्यापासून त्याला शिकवतात, की धनी 'खा' म्हणेपर्यंत तोंड लावायचं नाही. बायडाबाईच्या मोत्यापुढे कुणी मटणाचं ताट ठेवलं असतं, तरी त्याने आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं असतं.

असल्या कुत्र्याला मारायचं तर आधी धनिणीला 'खा' म्हणायला लावावं लागतं. विजयसिंह आबांनी ते केलं.

बायडाबाई दरसाल पाटोद्याकडच्या माळावरून मेंढरं घेऊन माजलगावच्या बागायतीत उतरायची. ऊस तुटला की आबांच्या रानात मेंढरं बसवायची. लेंड्यांचं खत रानाला, उसाचं हिरवं वाढं मेंढरांना. यंदा त्याच रानाजवळून आबांचे वाळूचे टिप्पर चोरून जाऊ लागले, आणि मोत्या गाव जागं होईस्तोवर त्यांच्यावर भुंकायचा. मग एका सकाळी आबा स्वतः हसतमुखाने आले. हातात पेढ्यांचा पुडा होता. देवाचा प्रसाद म्हणाले, एक पेढा बायडाबाईला दिला आणि एक मोत्यापुढे धरला. मोत्याने तिच्याकडे पाहिलं. एवढा मोठा माणूस, त्यात देवाचं नाव. नको कसं म्हणायचं? ती म्हणाली, "खा."

दुपारी मोत्या तोंडाला फेस येऊन मेला. साप चावला असेल, असं आबांचा माणूस सांगून गेला. वर आबांनी विचारलं, नवं पिल्लू पाठवून देऊ का? चोर तो चोर, वर शिरजोर! बायडाबाई रडली नाही. तिला स्वतःच्या जिभेचा राग आला, आणि आबांचा तर इतका आला की भाकरी घशाखाली उतरेना. तक्रार करावी तर फौजदार आबांच्याच ओट्यावर चहा प्यायचा. कोयता उचलावा तर मेंढरांना वाली कोण? तिने दम धरला, पण विसरली काहीच नाही.

आता आबांचा जीव कशात असेल तर तो नातीत. आरोही सहा वर्षांची, आणि जेवणाच्या नावाने नन्नाचा पाढा. समोर मोबाइलवर कार्टून हवं आणि घास आबांच्याच हातचा हवा, तरच ती खायची. हे कौतुक आबा चारचौघांत मिरवायचे. तिचं लाडकं कार्टून फार जुनं होतं. एक टोपीवाला कोल्हा जंगलात मिठाईचं दुकान काढतो आणि पिल्लांना फुकट पेढे वाटतो. दुकानापुढे रांग लागली की तिची आई मोबाइल काढून घ्यायची, कारण पुढचा भाग वाईट होता. त्यामुळे पोरीला कोल्हा भारी आवडायचा.

एकदा ती कोकरं बघायला रानात आली. तिला घेऊन आलेला ड्रायव्हर बांधावर गप्पा मारत बसला आणि मोबाइल पोरीच्या हातात राहिला. ती कोकरू मांडीवर घेऊन कोल्हा बघू लागली. बायडाबाई मागे उभी होती. पडद्यावर पेढे खाल्लेली पिल्लं निजली ती उठलीच नाहीत. मग जंगलातल्यांनी ठरवलं, याच्या हातचं कुणी काही घ्यायचं नाही. त्यांनी कोल्ह्याला त्याच्याच दुकानातले पेढे खायला बसवलं. तो रडत रडत एकेक खात गेला, आणि शेवटी त्याची टोपी तेवढी उरली.

आरोहीचा चेहरा उतरला. हे खोटं असतं ना, असं तिने विचारलं. 'हो बाई, खोटं' म्हणून बायडाबाईला तिची समजूत काढता आली असती. तिने काढली नाही.

"आमच्या मोत्यानं असाच पेढा खाल्ला," ती म्हणाली. "मी खा म्हणलं म्हणून. मला कोल्हा वळखू आला न्हाई."

"कुठाय तो कोल्हा?"

"घरी इचार. मोत्याला पेढा कुणी दिला म्हणून इचार."

लेकराला असलं सांगणं बरं नव्हे. बायडाबाईला ते चांगलं ठाऊक होतं. तरी त्या दिवशी ती पोटभर जेवली.

आरोहीने घरी विचारलं. आईची नजर आबांच्या खुर्चीकडे गेली, आणि पोरीला उत्तर मिळालं. लगेच आबांचा वाढदिवस आला. मांडव, हारतुरे, फोटोवाले, सगळा लवाजमा होता. आबांनी फोटोसाठी नातीपुढे पेढा धरला. तिने ओठ घट्ट मिटले, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, हा मोत्याला दिला तसला आहे का? मांडवातल्या लोकांनी माना खाली घातल्या. त्या दिवसापासून पोरीने घरात अन्नाला तोंड लावणं सोडलं. धनगराची आज्जी खा म्हणेल तेव्हाच खाईन, असा तिने हट्ट धरला.

शेवटी आबा नातीचं बोट धरून रानात आले. हातात पेढ्यांचा पुडा होता, आणि चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"बायडाबाई, लेकराच्या पोटात अन्नाचा कण न्हाई. हिला खा म्हण."

"म्हणते की. आधी तिला सांगा, मोत्याच्या पेढ्यात काय हुतं."

आबांनी इकडे तिकडे पाहिलं. आयुष्यात त्यांना कुणी असं विचारलं नव्हतं. त्यांनी नातीच्या सुकलेल्या तोंडाकडे पाहिलं.

"इख हुतं," ते म्हणाले. "मीच घातलं हुतं."

आरोहीने त्यांचं बोट सोडलं.

बायडाबाईने फडक्यातली भाकरी सोडली, तुकडा मोडला आणि पोरीपुढे धरला. पोरीने तुकड्याकडे नाही, तिच्या तोंडाकडे पाहिलं. मोत्या असाच बघायचा.

"खा," ती म्हणाली.

पोरगी अधाशासारखी खाऊ लागली. आबांचा जीव भांड्यात पडला. लगबगीने त्यांनी पुडा सोडला आणि एक पेढा पुढे केला. आरोही खाता खाता थांबली आणि तिने पुन्हा बायडाबाईकडे पाहिलं. बायडाबाईने तोंड फिरवलं आणि ती भाकरीचं फडकं बांधू लागली.

मग आरोहीने आबांचा हात हळूच मागे सारला.

"आबा," ती कळवळून म्हणाली, "आता ते सगळे तुम्हालाच खावे लागणार."