हिंग लावून

पहिल्या दिवशी मला केसांची जाळी मिळाली, काळा एप्रन मिळाला आणि एक बॅज मिळाला. बॅजवर नुसतं ‘इंटर्न’ छापलेलं होतं. मी मार्कर मागून घेतला आणि त्याखाली ठळक अक्षरांत लिहिलं, सुरुची. आमचा मॅनेजर ग्लेन म्हणाला, “दोन महिन्यांसाठी तर आली आहेस.” मी म्हटलं, दोन महिने असले तरी मला नाव आहे. माझ्याबद्दलचं मत त्याने बहुधा तेव्हाच करून घेतलं. (ग्लेन इंग्रजीत बोलतो, मी मराठीत सांगतेय. मराठीत तो जरा जास्तच सभ्य वाटतो, ते सोडून द्या.)

मेलबर्नच्या एका युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलचा हा जेवणाचा हॉल. डिसेंबरात परीक्षा संपल्या की मुलं घरोघरी जातात, पण समर स्कूलची शंभर-सव्वाशे डोकी मागे उरतात आणि त्यांना दुपारी बाराच्या ठोक्याला भूक लागते. मी फूड सायन्सच्या मास्टर्सला आहे. डिग्री हवी तर अशा एखाद्या स्वयंपाकघरात दोनशे तास काम करायचं आणि मॅनेजरची सही आणायची, असा कोर्सचा नियम. सही नाही तर डिग्री नाही. ती सही ग्लेनच्या हातात होती, आणि दिवसातून एकदा तरी तो मला त्याची आठवण करून द्यायचा.

माझं काम कार्डांचं. प्रत्येक पदार्थापुढे कार्ड लावायचं: यात दूध आहे, यात शेंगदाणे आहेत, यात गहू नाही. कार्डं मी लावायची आणि हॉलमध्ये मला कोणी हिंग लावून विचारायचं नाही, असा पहिला आठवडा गेला. अपवाद फक्त टिलीचा. टिली मिल्ड्यूराकडची, पहिल्या वर्षाची मुलगी. तिला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे गव्हाचा कण पोटात गेला तरी पुढचे चार दिवस ती अंथरुणात. ती रोज ताट घेऊन माझ्यासमोर उभी राहायची, बॅजवरची अक्षरं लावायची आणि विचारायची, “सू-रू-ची, इज धिस वन सेफ?” मी सांगेन तेच ती खायची. बहुतेक दिवस मी तिला भात आणि उकडलेली अंडी एवढंच सांगू शकायचे, आणि त्याची मलाच लाज वाटायची.

दुसऱ्या आठवड्यात ग्लेनला ‘इंडिया डे’ सुचला. त्यासाठी त्याने एक बादली आणली. बादलीत पिवळा सॉस, वर नाव ‘माइल्ड इंडियन’. मी चमचाभर चाखला.

“ही करी नाही,” मी म्हटलं. “हा गरम केलेला डिंक आहे.”

हेडकुक डेब फसकन हसली. पन्नाशीची, धिप्पाड बाई, आणि हसली की भांडी हलतात. तिच्या हसण्याचा राग ग्लेनने माझ्यावर काढला. “मग मंगळवारी तूच कर.”

“करते की,” मी म्हटलं.

मी आमटी करायची ठरवली. ग्लेनने संध्याकाळच्या आत सगळ्या मुलांना मेल पाठवून दिली: घरगुती आमटी, व्हीगन, ग्लूटेन-फ्री म्हणजे गव्हाचा अंश नसलेली, सगळ्यांना चालेल अशी. शिवाय निवास विभागाच्या मोठ्या बाई त्या दिवशी जेवायला येणार होत्या. टिली दुसऱ्या दिवशी मला म्हणाली की ती मंगळवारची वाट बघतेय, कारण सगळ्यांच्या रांगेत उभं राहून सगळ्यांसारखंच खायला तिला कधी मिळत नाही.

आमच्या स्वयंपाकघराचा नियम कडक. बाहेरून आलेल्या प्रत्येक जिनसाचं पाकीट डेबला दाखवायचं, ती त्याचा फोटो काढून ठेवते. मी सगळं दाखवलं: तुरीची डाळ, गूळ, आमसुलं, मोहरी, हळद, तिखट. गोडा मसाला मी मुद्दाम टाळला, कारण त्यातल्या वीस जिनसांची जन्मकुंडली कोण मांडणार! स्वतःच्या या हुशारीवर मी फार खूश होते.

मंगळवारी सकाळी फोडणी केली. मोहरी तडतडली तशी मी एप्रनच्या खिशातून मंजिरीमामीची छोटी स्टीलची डबी काढली आणि हिंग टाकला. मी क्रेगीबर्नला नंदूमामा आणि मामीकडे राहते, तिथल्याच मिसळणाच्या डब्यातली ती डबी. हिंग मी डेबला दाखवला नव्हता. लपवलाही नव्हता. तो दाखवायचा जिन्नस आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आपल्याकडे फोडणी म्हटली की हिंग आलाच, त्याचं वेगळं नाव कोण घेतं? डेबने नाक मुरडलं, मग आमटी चाखली, मग वाटीभर प्यायली. मी ऐटीत कार्ड लिहिलं, ‘ग्लूटेन-फ्री’, आणि भांड्यापुढे लावलं.

बाराला दहा मिनिटं होती. खिशात फोन वाजला. मामीचा दुकानातून मेसेज होता. “घरातला हिंग संपला गं, शेवटचा तूच नेलास. हाच आणू ना?” सोबत डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो. मी सहज मोठा करून बघितला. पहिलाच घटक: गव्हाचं पीठ.

दुकानात मिळतो तो हिंग पिठात मळलेला असतो, कधी तांदळाच्या, कधी गव्हाच्या. हे मी पहिल्याच सेमिस्टरला वाचलं होतं. परीक्षेत लिहून त्याचे मार्कही मिळवले होते. आणि घरातली डबी उघडताना त्यातलं काही म्हणजे काही आठवलं नाही.

मी धावत ग्लेनकडे गेले आणि सगळं सांगितलं.

“किती टाकलंस?” त्याने विचारलं.

“सहा छोटे चमचे.”

“चाळीस लिटरमध्ये? ही तर चिमूट झाली, मेट. कार्ड राहू दे. जेवणं उरकली की बघू.”

“टिलीला चिमूट पुरते.”

“बाई आत येऊन बसल्यात.” त्याचा आवाज खाली गेला. “सगळ्यांना चालेल असं मी लिहून कळवलंय. तुझा फॉर्म माझ्या टेबलावर आहे, सुरुची. मला विचार बदलायला लावू नकोस.”

दोन आठवड्यांत त्याने माझं नाव पहिल्यांदा घेतलं ते असं. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. बाबांनी पुण्यात किती जणांना सांगून ठेवलंय की पोरगी या वर्षी मास्टर्स होतेय, तेही आठवलं. आणि मग भीतीपेक्षा रागच जास्त आला. त्याचा आला तेवढाच माझाही.

मी बाहेर आले तेव्हा हॉलचं दार उघडलेलं होतं. रांगेत टिली तिसरी, आणि तिच्या हातातल्या वाटीत आमटी पडलेलीसुद्धा. आज तिने मला विचारलं नव्हतं. कार्ड माझ्याच अक्षरातलं होतं ना, मग विचारायचं कशाला!

मी तिच्या हातातून वाटी काढून घेतली. रांगेतच चाखायला तोंडापाशी नेलेला चमचाही घेतला. मग सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “आमटीत गहू आहे. कार्ड चुकीचं आहे. चूक माझी आहे.” आणि कार्डाचे दोन तुकडे केले.

मोठ्या बाईंनी चमचा खाली ठेवला. ग्लेन बीटासारखा लाल होऊन दारात उभा होता. मी त्याच्याकडे न बघता आत गेले. फोडणीआधी बाजूला काढलेली डाळ फ्रिजमध्ये होती. नवं पातेलं, नवा डाव, मोहरी, हळद, गूळ, आमसूल. हिंगावाचून फोडणी पोरकी वाटत होती, पण टिलीने ती भाताबरोबर दोनदा घेतली. चव कशी आहे ते सांगायलाही ती थांबली नाही, खाण्यातच गुंतली होती.

दुपारी डेबने माझ्यापुढे झालेली चूक नोंदवायचा कागद ठेवला. मी दोन वाक्यं लिहिली. पहिलं: हिंगाचं पाकीट मी दाखवलं नाही आणि कार्ड चुकीचं लिहिलं. दुसरं: जेवणाआधी मी हे मॅनेजरला सांगितलं, त्यांनी कार्ड राहू द्यायला सांगितलं.

ग्लेनने कागद वाचला. “दुसरं वाक्य काढ. तुझ्या फॉर्मवर आत्ता सही करतो.”

“उद्या सांगते,” मी म्हटलं आणि कागद बॅगेत टाकला.

घरी नंदूमामा अंगणात टोमॅटोंना पाणी घालत होता. मामा ट्रॅम चालवतो. त्याने सगळं ऐकून घेतलं. “अगं, एका लाइनचा तर प्रश्न आहे, खोडून टाक ना. मी सात वर्षं ‘नो वरीज मेट’ करत काढली, तेव्हा कुठे इथे कायमचं राहायचा पीआर मिळाला.”

“म्हणून तर अजून तुला रविवारची शिफ्ट लावतात, मामा.”

मामाने पाइप दुसऱ्या वाफ्यात सोडला. मामी मात्र ओट्यापाशी हातातलं काम थांबवून म्हणाली, “डबी माझी होती. हवं तर माझंही नाव लिही. पण ग्लेनचं खोडू नकोस.”

सकाळी मी कागद ग्लेनच्या टेबलावर ठेवला, दोन्ही वाक्यांसकट. त्याची एक प्रत रात्रीच मोठ्या बाईंना मेल केली होती, तेही सांगितलं. त्याने कागद खणात टाकला. मग म्हणाला, “आजपासून भांडी. कार्डांना हात लावायचा नाही.”

“तास तेवढेच धरणार ना?”

“तास धरीन. सहीचं बघू.”

“बघा,” मी म्हटलं. सही नाही मिळाली तर पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या हॉलमध्ये पुन्हा दोनशे तास करीन. बाबांना कसं सांगायचं ते अजून ठरलेलं नाही, पण काय सांगायचं ते पक्कं ठरलंय.

भांडी घासायच्या खोलीला एक खिडकी आहे, मुलं तिथे उष्टी ताटं सरकवतात. सव्वाबाराला तिथे एक ताट आलं. उष्टं नव्हतं, भरलेलं होतं. मागे टिली उभी. तिच्या मागे शेंगदाणे न चालणारा एक उंच मुलगा, आणि त्याच्या मागे आणखी दोघं. पलीकडे सगळी कार्डं नीट लावलेली दिसत होती. ग्लेनने स्वतः लिहिलेली. तो कार्डांशेजारीच उभा होता आणि त्याच्याकडे कोणीही फिरकत नव्हतं.

टिलीने वाकून बॅज वाचला. या वेळी नाव एका दमात आलं.

“सुरुची, इज धिस वन सेफ?”

मी नळ बंद केला, एप्रनला हात पुसले आणि डेबला हाक मारली, “डेब, आजच्या सगळ्या पाकिटांचे फोटो दे.” ग्लेन बघत होता. डेबने त्याच्यासमोरून येऊन फोन माझ्या हातात दिला.