तळाशी उरलेलं मीठ

शिवलीला मॅडमनी चंबू खिडकीच्या उजेडात धरला. काल संध्याकाळी तळाशी ठाण मांडून बसलेलं मीठ सकाळी पार गायब झालं होतं.

“गोरोबामामा, सगळं विरघळलं की हो.”

“मग पेढं आणू का?” प्रयोगशाळेचा शिपाई गोरोबा हसला.

पेढ्यांचीच गोष्ट होती. नळदुर्गच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवता शिकवता मॅडमची पन्नाशी उलटली, पण पीएचडी काही हाती लागेना. युरिया आणि कोंबडीच्या खाद्यात घालतात ते कोलीन क्लोराइड, या दोन कोरड्या पावडरी एकत्र तापवल्या की पाण्याशिवायच त्यांचा पाक होतो आणि निवल्यावरही तो पातळच राहतो. त्या पाकात कोणतं मीठ किती विरघळतं, हे त्यांचं संशोधन. “खतात मीठ किती, हे शोधायला सात वर्षं?” नवरा चिडवायचा. शेवटचं माप उद्या गाइडसरांना दाखवायचं होतं, नाहीतर पीएचडीची मुदत संपणार होती. आणि एवढं मीठ विरघळल्याचं माप बघून तर सर खुर्चीतून उठलेच असते.

तेवढ्यात त्यांना टेबलावर ओलं फडकं दिसलं.

“हे कशाला, मामा?”

“काल तुमी गेल्यावर लाईट गेली. लई उकडत हुतं. म्हून म्या बूच काढून तोंडाला वलं फडकं बांधलं, माठाला बांधतो तसं. औषध नासू नये म्हून. आत्ता सकाळी सोडलं.”

मॅडमनी चंबू खाली ठेवला. हा पाक हवेतली ओलसुद्धा ओढून घेतो, इथे तर ओलं फडकंच. मीठ विरघळलं होतं ते पाण्यामुळे.

गोरोबाचं तोंड एवढंसं झालं. “घोळ केला व्हय म्या? ऱ्हाऊ द्या तसंच. फडकं काय बोलणार न्हाय.”

मोह झाला, अगदी मनापासून झाला. पण उद्या कुठल्या तरी लांबच्या गावात एखादी पोरगी हाच प्रयोग करणार, तिचं मीठ विरघळणार नाही, आणि आपलंच चुकलं म्हणून ती रडत बसणार. मॅडमनी चंबू मोरीत उपडा केला.

“नवा चंबू ओव्हनमध्ये वाळवा मामा, खडखडीत.” मग त्यांनी फोन लावला. “सर, उद्या जमणार नाही. माप चुकलं... हो, मुदत जाईल, माहीत आहे... बूच उघडं राहिलं, सर. माझ्याकडूनच.”

गोरोबाने ते ऐकलं. वाळलेला चंबू त्याने दोन्ही हातांनी आणून टेबलावर ठेवला, बूच घट्ट बसवलं आणि मॅडमसाठी खुर्ची ओढली.