लंगड्या कुत्र्यांचे महाराज

दर रविवारी निरवांगीच्या माळावर माणसांपेक्षा कुत्री जास्त जमत. कुणी हातगाड्यावर आणलेली, कुणी मोटरसायकलच्या टाकीवर आडवी घातलेली, कुणी खांद्यावर. सगळी लंगडी. लिंबाखाली गादीवर म्हस्कू महाराज बसलेले. कपाळ भंडाऱ्यानं माखलेलं, डोळ्यांवर काळा गॉगल, पुढ्यात बाजरीच्या पिठाच्या पिवळ्याधमक लाडवांची परात.

"कुत्रं म्हंजे खंडेरायाचं पायदळ!" महाराज माईकवर गरजले. "डाक्टरला त्याचं चारच पाय दिसत्यात. मला पाचवा दिसतुया!"

पाचवा पाय म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही. लोकांनी येळकोट केला.

डॉ. साजिया मुलाणी कडेला उभी राहून बघत होती. इंदापुरात तिचा जनावरांचा दवाखाना होता. ती आली होती एकाच कुत्र्यासाठी. महिपती धनगराचा कारवानी जातीचा चित्या. माळावर लांडग्यांचा वावर. रात्री मेंढरांचा वाडा राखायचा तो चित्यानं. डाळिंबाचा काटा त्याच्या गुडघ्यात घुसला, जखम भरली, पण सांधा सुजतच गेला. नेहमीच्या औषधांनी उतार पडेना, तेव्हा साजियानं सांध्यातलं पाणी काढून तपासायचं ठरवलं. महिपती उठूनच गेला. "सांध्यात सुई घातली की वंगण गळतं, बाई. जनावर जन्माचं लंगडं हुतं." आणि तो थेट माळावर आला; तेव्हापासून रविवारी इथंच येत होता.

आता चित्या गर्दीपुढं धावत होता.

"बगा! सुई न्हाय, चिरफाड न्हाय!" महाराज ओरडले. टाळ्यांचा गजर झाला. चित्या मात्र धावता धावता वळला, हौदात तोंड घातलं आणि पीतच राहिला.

साजिया महिपतीपाशी गेली. "तात्या, असंच पाणी पितो का हा?"

"इचारू नगा. बादली पुरंना. अन् बसंल तितं मुततंय. महाराज म्हणलं, आतलं इख धुऊन निगतंय."

"भूक?"

"काल भाकरीचं टोपलंच पळवलं."

"आणि रविवार चुकला तर?"

"एकडाव चुकला की. रोजचा एक, असं आठवड्याचं लाडू बांदून देत्यात. ते सपलं अन् पाय पुन्हा वर. देवाचा रईवार मोडला म्हणून महाराज लई तापलं."

साजियाला आणखी काही विचारायची गरज उरली नाही. "तात्या, लाडवात स्टिरॉइडची गोळी आहे. तहान-भूक वाढवते, सूज दाबते, दुखणं दाबते. रोग तसाच राहतो."

"देवाच्या परसादावर संशव घिऊ नगा, बाई. कुत्रं पळतंय न्हवं?"

हे महाराजांच्या कानावर गेलं. "आली बगा सुईवाली! धंदा बसला, म्हणून पोट दुखतंय!"

लोक फिदीफिदी हसले. साजिया तशीच पुढं गेली. "महाराज, एक लाडू तुम्ही खाऊन दाखवा."

"कुत्र्याचा घास माणूस खातो व्हय?"

खंडोबाच्या नावानं दुकान मांडणाऱ्यानं हे बोलायला नको होतं. महिपती स्वतः वाघ्या. आईनं नवसानं देवाला वाहिलेला.

"म्हंजे?" तो पुढं सरकला. "आमी वाघ्यं देवाच्या दारात कुत्र्यावानी भुकतो, भिक्षेच्या कोटंब्यात तोंड घालून जेवतो. आमाला कधी लाज वाटली न्हाय. तुमाला कशी वाटली?" परातीतला लाडू त्यानं उचलला आणि महाराजांच्या तोंडापाशी नेला. "घ्या."

"नगं! मला शुगर हाय. डाक्टरनी सांगितलंय..." महाराजांनी जीभ चावली. माईक चालूच होता.

"डाक्टरनी?" मागून कुणीतरी ओरडलं. "पाचवा पाय त्यास्नीबी दाखवला का?"

"पण ह्यात गूळबी न्हाय, साखरबी न्हाय," महिपती म्हणाला. "कुत्र्याला गोड वर्ज्य, ह्ये तुमीच सांगितलं. बाजरी अन् हळदीनं शुगर कशी वाढंल?"

"स्टिरॉइडनं वाढते," साजिया म्हणाली. "ते त्यांना माहीत आहे."

महिपतीनं लाडू घोंगडीवर फोडला. पिवळ्या पिठात धड न कुटलेल्या गोळीचे पांढरे तुकडे उन्हात लख्ख दिसले.

"औषिधातबी देवच असतो, बाळांनो..." महाराज पुटपुटले. मग कुणी काही म्हणायच्या आत परातीसकट बोलेरोत शिरले. देवाची तसबीर मात्र लिंबाखालीच राहिली.

दुसऱ्या दिवशी महिपती दवाखान्यात हजर झाला. चित्याला गुंगी दिली, सांध्यात सुई गेली. वंगण गळलं नाही. नळीत गढूळ पाणी आलं. त्यातला थेंब साजियानं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.

महिपतीनं डोळा लावला. "गोल गोल मव्हऱ्या हायत्या. अन् एकीला दुसरी फुटल्याली."

"ही बुरशी. काट्याबरोबर आत गेली. अंगातली फौज तिच्याशी लढत होती, म्हणून सूज होती. महाराजांच्या गोळीनं ती फौजच बांधून घातली. कुत्रं पळायला लागलं, आणि आत बुरशीनं हाड पोखरलं." तिनं एक्स-रे उजेडात धरला. कड उंदरानं कुरतडल्यासारखी होती.

बुरशी नेमकी कोणती, हे कळायला उरलेलं पाणी प्रयोगशाळेत गेलं. बुरशीवरच्या गोळ्या कित्येक महिने चालणार होत्या, मधूनमधून यकृतासाठी रक्त तपासायचं होतं. स्टिरॉइडही एकदम तोडायचं नव्हतं; डॉक्टरच्या हाताखाली उतरवत आणायचं होतं.

"पुन्हा वाडा राखंल का?"

"जगेल असं वाटतं. चालेल. पण लांडग्यामागं पळेल, असा शब्द मी देणार नाही. तुम्ही तेव्हाच दवाखान्यात थांबला असतात, तर कदाचित दिला असता."

महिपतीनं गुंगीतल्या चित्याच्या मानेवर हात ठेवला. "महाराज म्हणायचा, हमखास."

"हो. त्याला काही तपासायचं नव्हतं ना."

चित्या वाचला. गुडघा ताठच राहिला, आणि वाड्याला महिपतीनं दुसरा कुत्रा बांधला. म्हस्कू महाराज आणखी कुठल्या तरी माळावर गादी टाकून बसले असतील. गोळी स्वस्त आहे, बाजरी त्याहून स्वस्त. तुमचं कुत्रं, तुमची म्हैस, तुमचं पोर दुसऱ्या दिवशी उठून चालायला लागलं, तर आनंद जरूर माना. पण चालणं म्हणजे बरं होणं नव्हे. काय दिलं, हे देणाऱ्याला विचारा. जो सांगेल, त्याच्यापाशी थांबा. जो चिडेल, त्याच्या पुढ्यातून आपलं जनावर उचला आणि घरी न्या.