दिव्याचा लंगोट

आमच्याकडे कुणाच्याही गेरपाशी, म्हणजे गोल तंबूच्या घरापाशी, गेलं की लांबूनच ओरडायचं असतं, ‘कुत्रं धरा.’ घरी कुत्रं असो वा नसो, दार वाजवायची आमची रीत ती. खंडसुरेनच्या गेरपाशी मात्र लोक ओरडायचे, ‘मेंढा धरा.’ आणि तिथे ते अगदी मनापासून ओरडायचे.

खंडसुरेन म्हणजे माझ्या मित्राची बायको. मी तिला वहिनी म्हणतो. माझं मोटरसायकल दुरुस्तीचं खोपटं तालुक्याच्या गावाच्या कडेला आहे, आणि तिथून टेकडी ओलांडली की वहिनीचं गेर. मित्र गेला तो हिवाळा फार वाईट होता. त्यानंतरच्या वसंतात एक मेंढी बर्फात मेली आणि तिचं ओलं कोकरू वहिनीने आपल्या देलच्या, म्हणजे लांब झग्याच्या, आत घालून घरी आणलं. ते बाटली तोंडात घेईना, म्हणून तिने बाटलीच्या बोंडीला साय लावली. मग घेऊ लागलं. त्यानंतर ते महिनाभर शेगडीपाशी, मित्राच्या रिकाम्या खाटेखाली झोपलं. वहिनी त्या दिवसांत कुणाशी फारसं बोलली नाही, पण कोकराशी बोलायची. मी बाहेरून ऐकलंय.

त्या कोकराचा मेंढा झाला. शिंगांचे दोन-दोन वेढे, मान अशी की दोन्ही हातांत मावू नये. दारात जे काही नवं येईल ते आधी हुंगायचं, मग चाटायचं आणि शेवटी धडक मारून बघायचं, असा त्याचा नेम. म्हणून त्याचं नाव पडलं तपासनीस. माणसांना त्याने कधी इजा केली नाही. त्याचं वैर होतं मोटरसायकलच्या दिव्याशी. हल्ली आमच्याकडे घोड्यांपेक्षा मोटरसायकलीच जास्त, आणि पाहुणा आला की गाडी दारासमोर उभी करणार. दिव्याच्या गोल काचेत तपासनीसाला दुसरा मेंढा दिसायचा. हा मान खाली घालायचा, तोही घालायचा. हा चार पावलं मागे जायचा, तोही जायचा. मग खळ्ळकन आवाज यायचा आणि दुसरा मेंढा गायब व्हायचा. दरवेळी जिंकायची सवय लागलेल्या जनावराला कोण समजावणार?

खोटं कशाला बोलू, पहिले अकरा दिवे फुटले तेव्हा मला मजा वाटली. नवे दिवे मीच बसवत होतो. बारावा फुटला तो बाल्दानचा.

बाल्दान आमचा वस्तीप्रमुख. नवी कोरी लाल गाडी घेऊन आठवडा झाला नव्हता. वहिनीकडे जनावरांची चौकशी करायला आलो असं तो म्हणाला. खरं म्हणजे गाडी दाखवायला आला होता, कारण जनावरांची चौकशी करताना तो एकदाही जनावरांकडे बघत नव्हता. दिवा फुटला. नवी काच उलानबातरहून यायला तीन आठवडे लागले, आणि तोवर प्रमुख गाडीच्या दांड्याला विजेरी बांधून फिरला. त्याच्यासमोर कुणी हसलं नाही. तो वळला की सगळी वस्ती हसायची, आणि हे त्याला माहीत होतं.

मग वस्तीची सभा भरली. बाल्दानने उभं राहून सांगितलं की हा मेंढा लोकांच्या मालाचं नुकसान करतो, तेव्हा हिवाळ्याच्या मांसासाठी जनावरं कापायची वेळ येईल तेव्हा तोही कापावा. बारा दिवे फुटले होते. मेंढ्याच्या बाजूने बोलणार कोण? वहिनी उठली. ती शांतपणे म्हणाली की कापणीला अजून महिना आहे. तोवर माझ्या अंगणात एक जरी दिवा फुटला तर मी स्वतः मेंढा देईन, नाही फुटला तर पुन्हा कुणी त्याचं नाव काढायचं नाही. बाल्दान तयार झाला, पण त्याने एक अट घातली.

“बांधून ठेवायचा नाही, सुरेनताई,” तो म्हणाला. “बांधलेला मेंढा कुणाचाही गुणीच असतो. धरायचाही नाही.”

वहिनी हो म्हणाली आणि तिने माझ्याकडे बघितलं. आमच्यात बायका सुरी धरत नाहीत. मित्र गेल्यापासून तिच्या हिवाळ्याची जनावरं मीच कापतो. म्हणजे तपासनीसही माझ्याच हाती येणार होता. बाटलीने दूध पाजलेलं जनावर, तेही तिचं.

त्या दिवसापासून मी दिव्यांच्या झाकणांमागे लागलो. आधी मोडक्या फ्रिजची जाळी कापून, वाकवून माझ्याच जुन्या रशियन गाडीच्या दिव्यावर बसवली आणि तपासनीसाला माझ्या खोपटामागे आणून दाखवली. त्याने धडक दिली, शिंग जाळीत अडकलं, आणि तो जाळी, दिवा आणि वायरी असं सगळं डोक्यावर घेऊन संध्याकाळपर्यंत फिरला. हा तेरावा दिवा. तो वहिनीच्या अंगणात फुटला नाही, म्हणून मी आणि वहिनी, दोघांनीही त्याबद्दल तोंड उघडलं नाही.

त्यावरून एक कळलं की काच नुसती अडवून भागणार नाही, ती दिसताच कामा नये. वहिनीने लोकर कुटून केलेला नमदा काढला. जाड नमद्याची टोपी दिव्यावर चढवायची आणि मागे दोन बंद आवळायचे, बस्स. पण तिला नमद्याचा एकच साचा ठाऊक होता, मेंढ्याच्या लंगोटाचा. शरदात आम्ही मेंढ्याच्या पोटाखाली नमद्याचा लंगोट बांधतो, म्हणजे तो मेंढ्यांमागे कितीही धावला तरी काही साधत नाही आणि कोकरं ऐन थंडीत जन्मत नाहीत. तपासनीसाच्या पोटाखालीही तोच होता. वहिनीने त्याच मापाने आठ शिवले, तसेच बंद, तशीच करड्या दोऱ्याची टीप. एक हातात घेऊन मी म्हटलं, “वहिनी, हे कुठला पुरुष गाडीला बांधेल?”

“चहा कुठला पुरुष सोडेल, ते सांग,” ती म्हणाली.

तिचं म्हणणं बरोबर निघालं. त्या महिन्यात तिच्याकडे एवढे पाहुणे आले की मित्राच्या लग्नातही आले नसतील. सगळे मजा बघायला. दारात आलेल्याला चहा न देता परत पाठवता येत नाही, आणि गाडी दूर लाव असंही सांगता येत नाही. मग वहिनी हसत बाहेर यायची, तब्येत विचारायची, जनावरं धष्टपुष्ट आहेत ना विचारायची, आणि विचारताविचारता गाडीला लंगोट बांधून मोकळी व्हायची. भले भले गडी लाल व्हायचे. आपली मोटरसायकल मेंढ्याचा लंगोट लेऊन उभी आहे आणि ती कुणी बघू नये, म्हणून ते घाईघाईने चहा पिऊन पळायचे. त्यांच्या बायकांना हे फार आवडलं. दोघींनी तर लंगोट घरीच ठेवून घेतला, नवरा तालुक्याला जाताना बांधायला.

तपासनीस यायचा, नमदा हुंगायचा, स्वतःच्या पोटाखालचा वास ओळखायचा आणि कंटाळून निघून जायचा.

कापणीला दहा दिवस उरले तेव्हा बाल्दान आला. सकाळची वेळ होती, ऊन लख्ख होतं. बरोबर साक्षीला तिघे जण होते, पण त्यांनी शहाण्यासारख्या गाड्या टेकडीमागेच ठेवल्या होत्या. बाल्दानने लाल गाडी थेट दारासमोर लावली, दिवा मेंढवाड्याकडे वळवला आणि बाहीने काच पुसली. मी तिथेच होतो, वहिनीच्या शेगडीचं धुराडं बसवत. वहिनी लंगोट घेऊन पुढे आली तर त्याने हात आडवा धरला.

“माझी गाडी मेंढा नाही, सुरेनताई. तिला लंगोट लागत नाही.”

साक्षीदार खाली बघत हसले. मेंढ्याला धरायचं नाही ही अट. पाहुण्याच्या मालाला त्याची इच्छा नसताना हात लावायचा नाही ही रीत. वहिनी लंगोट काखेत मारून आत गेली. मला वाटलं रडायला गेली. ती बाहेर आली ती दोन्ही हातांत सायीचा वाडगा घेऊन.

“काच नवी आली ना?” ती म्हणाली. “तिला अजून कुणी साय लावली नसेल.”

बाल्दानचा चेहरा बघण्यासारखा झाला. नव्या वस्तूला दूध-साय लावून आशीर्वाद द्यायचा असतो. नवं गेर असो, नवं बाळ असो की नवी गाडी. तो नाकारणारा माणूस अजून आमच्याकडे जन्मला नाही, आणि लावलेली साय जो पुसेल त्याचं भलं होत नाही हे शाळेत शिकलेलेही मानतात. गाडीला घरी साय लावली होती, पण काच नंतर आली होती. बाल्दानने मुकाट्याने टोपी सारखी केली आणि बाजूला झाला.

वहिनीने रीतीप्रमाणे अनामिकेने सुरुवात केली. मग दोन बोटं, मग सगळा तळवा. “दूरचं जवळ दिसो, जवळचं सुखरूप राहो,” असं म्हणत तिने तो दिवा बोटभर जाड माखला. काचेचा ठिपकासुद्धा उरला नाही. मी धुराड्यात तोंड घालून हसून घेतलं.

सगळे आत चहाला बसले. तपकिरीच्या बाटल्या फिरल्या. बाल्दान बाटली हुंगत होता पण त्याचा एक डोळा उघड्या दाराकडे होता. माझाही होता. आणि तेवढ्यात मला कोकराच्या दुधाच्या बाटलीची, तिच्या बोंडीवरच्या सायीची आठवण झाली. सायीवर वाढलेलं जनावर ते. मी वहिनीकडे बघितलं. तिच्याही तेव्हाच लक्षात आलं असावं, कारण तिच्या हातातला चहा सांडला.

तपासनीस डुलत आला. त्याने हुंगलं आणि चाटायला लागला. वहिनी अर्धी उठली.

“धरायचा नाही,” बाल्दान म्हणाला.

ती परत बसली. आम्ही सहा जण दारातून बघत होतो आणि कुणी चहाचा घोट घेत नव्हतं. साय कडेने कमी झाली. मग मधून. उन्हात काच चकाकली आणि मला दुसऱ्या मेंढ्याचं शिंग दिसलं, मग नाक. मी डोळे मिटून घेतले. खळ्ळकन आवाज येणार म्हणून थांबलो, पण तो आला नाही. डोळे उघडले तर तपासनीस अजून चाटत होता. काचेवर साय उरली नव्हती, तरी चाटत होता. आजवर समोरचा नेहमी मान खाली घालून यायचा, कारण हाच तसा जायचा. आज समोरचा जीभ काढून आला होता. तपासनीसाने त्याच्या कपाळाला हलकेच कपाळ टेकवलं आणि तो तिथेच, पुढच्या चाकाला खेटून बसला.

मग वहिनी म्हणाली, “प्रमुख, चहा गार झाला. दुसरा देते.”

बाल्दानला घरी जाताना मेंढा चाकापासून उठवावा लागला. तो निघाला आणि तपासनीस मागोमाग पळत निघाला. बाल्दानने वेग वाढवला, यानेही वाढवला. पोटाखाली लंगोट फडफडवत मेंढा प्रमुखाच्या गाडीमागे धावतोय, हे टेकडीवरून साऱ्या वस्तीने बघितलं. संध्याकाळी बाल्दान त्याला परत सोडून गेला. सकाळी मेंढा पुन्हा त्याच्या दारात. पुन्हा सोडला, पुन्हा गेला. प्रमुख तालुक्याच्या कचेरीत गेला तर हा पायरीखाली दिव्यासमोर बसून राहिला.

चौथ्या दिवशी बाल्दान माझ्या खोपटात आला. आधी हवामानावर बोलला, मग पेट्रोलवर. मग मला नावाने हाक मारून म्हणाला, “यादम, ते दिव्याचं झाकण तुझ्याकडे असतं म्हणे. काळ्या रंगाचं आहे का एखादं?”

“एकच साचा आहे,” मी म्हटलं. “करडी टीप.”

त्याने स्वतःच्या हाताने गाडीला लंगोट बांधला. मी बंद कसे आवळायचे ते दाखवलं. जरा जास्तच वेळ दाखवलं.

त्यानंतर पाच दिवस मी त्याला पाहिलं नाही. कापणीच्या दिवशी मी सुरी घेऊन वहिनीकडे गेलो. तिने एक ठिपक्यांचा खच्ची मेंढा बाजूला काढून ठेवला होता. तपासनीस कुठे दिसेना. वहिनीने सांगितलं की तो पाच दिवस बाल्दानच्या दारात, त्या लंगोट बांधलेल्या दिव्यासमोर उभा आहे. ओरडतो आणि खात काहीच नाही. ती दोनदा जाऊन आली होती, पण तो येत नव्हता.

एवढ्यात टेकडीवरून लाल गाडी आली. हळूहळू, माणूस चालेल अशा वेगाने. मागे तपासनीस. बाल्दान उतरला आणि त्याची नजर माझ्या हातातल्या सुरीवर गेली.

“कुणाला कापतोयस?” तो म्हणाला. आवाज जरा चढलाच होता. “दिवा फुटलेला नाही. मी स्वतः साक्षीला आहे.”

मी ठिपक्यांच्या मेंढ्याकडे बोट दाखवलं. त्याने मान हलवली आणि तेच विचारत होतो असं म्हणाला. मग त्याने दिव्यावरून लंगोट सोडला, घडी करून वहिनीच्या हातात दिला आणि देलच्या छातीतून एक झाकणाचा डबा काढला. आमच्याकडे पाठ करून त्याने दिव्याला बोटाने काहीतरी लावलं. अनामिकेने, रीतीप्रमाणे.

तपासनीस पुढे झाला आणि चाटू लागला. बाल्दान डबा पुन्हा छातीशी ठेवत म्हणाला, “काच मळली होती जरा.”

वहिनीने त्याला आत बोलावलं आणि चहा ठेवला.