झेंडूच्या दरांखाली लपवलेली गाणी

मित्रांनो, बार्शीटाकळीला सहदेवभाऊंच्या घरात, खिडकीजवळच्या टेबलावर, ओढणीने झाकलेला एक जुना संगणक आहे. तो मीच.

माझी जोडणी अकोल्यात झाली. तिथल्या एका वकिलांच्या कचेरीत मी कैक वर्षे अर्ज आणि दावे लिहिले. नवा संगणक आला तेव्हा मला जिन्याखाली ठेवले. सहदेवभाऊ त्या वकिलांकडे पूजेची फुले देत. त्यांनी मला मागून घेतले आणि शेवंतीच्या रिकाम्या टोपलीत बसवून घरी आणले. त्यांच्या पत्नी माणिकबाईंनी मला हळदकुंकू लावले. जिन्याखालच्या धुळीनंतर मला ते फार गोड वाटले.

घर फुले पिकवणाऱ्यांचे होते. थोरली लेक वर्षाली रोज संध्याकाळी बाजारातले झेंडूचे दर माझ्यात लिहून ठेवी. धाकटा जीवन माझ्यावर गेम खेळे. दोघांनाही माझे कौतुक होते. मी हळू होतो, पण कामाला होतो.

मग माणिकबाई आजारी पडल्या. हा आजार बरा होणारा नाही, हे घरात सगळ्यांना कळले होते. त्यांचे माहेर नांदगाव खंडेश्वरचे. भुलाबाईची अशी काही गाणी त्यांना येत, जी इकडे कोणालाच येत नव्हती. आमच्याकडे भादव्याच्या पौर्णिमेला भुलाबाई, म्हणजे माहेरपणाला आलेली पार्वती, बसते आणि कोजागिरीपर्यंत मुली रोज तिची गाणी म्हणतात. ती गाणी आईबरोबर जाऊ नयेत, म्हणून वर्षालीने जीवन शिकवणीला गेला असताना त्याचा माइक असलेला हेडफोन आईच्या कानांवर चढवला.

“माह्या डोक्यावर हे काय टोपलं ठेवलं वं?”

“टोपलं नाई माय. त्याच्यात म्हटलं का गाणं याच्यात जमा होते.”

“अन् मले खोकला आला तं?”

“खोक. थोही जमा होईल.”

माणिकबाई हसल्या आणि गायल्या. दम लागला की थांबायच्या, पाणी प्यायच्या, पुन्हा गायच्या. उन्हाळाभर अशा अनेक दुपारी त्यांची गाणी माझ्यात उतरत राहिली. मी दावे लिहिले, दर लिहिले, पण इतके मोलाचे माझ्याकडे कोणी कधीच ठेवले नव्हते.

भुलाबाईपुढे खिरापत झाकलेल्या डब्यात आणतात. डबा हलवतात आणि बाकीच्या मुलींनी आत काय आहे ते ओळखायचे असते. आधी कोणाला सांगायचे नसते, उघडायचेही नसते. वर्षालीने ठरवले की ही गाणीच आपली खिरापत. तिने ती एका फोल्डरमध्ये ठेवली आणि वर नाव दिले, ‘झेंडूचे जुने दर’.

“हे काहून वं असं नाव?” माणिकबाईंनी विचारले.

“जीवन्याले दिसलं तं समद्या गावात डंका पिटन थो.”

“बरं केलं. जुन्या दराले कोण हात लावते?”

माणिकबाई आषाढात गेल्या. त्या वर्षी घरात भुलाबाई बसली नाही. वर्षालीने तो फोल्डर एकदाही उघडला नाही. कधीकधी ती त्याच्यावर बाण आणून थांबे आणि मला बंद करून उठून जाई. तिला वाटे, पुढच्या कोजागिरीला सगळ्यांसमोर ऐकू. एकटीने ऐकायचा तिला धीर नव्हता.

पुढच्या वर्षी भुलाबाई बसली. त्याच दिवसांत जीवनने एक नवा गेम आणला. तो मला पेलेना. ऐन लढाईत चित्र गोठे आणि सोबतचे खेळाडू त्याला हसत. त्याने अकोल्याच्या किशोरला, त्याच्या मित्राला, फोन लावला.

“तुह्या डब्याची मेमरी कमी हाये बे,” किशोर म्हणाला. “त्याले डिस्कवरची जागा दे. सेटिंगमंदी जाय अन् आकडा वाढव.”

मित्रांनो, हे समजून घ्या. संगणकाची मेमरी म्हणजे हाताशी असलेला पाट. त्यावर मावेना, तर कोठीतली थोडी जमीन मोकळी करून तिथे पसारा मांडता येतो. माझी कोठी म्हणजे डिस्क, आणि ती गच्च भरलेली होती. जागा करायची तर काहीतरी काढावे लागणार होते.

जीवन वाईट मुलगा नव्हता. त्याने विचारल्याशिवाय काही काढले नाही. वर्षाली मळ्यात होती, म्हणून त्याने वडिलांना विचारले.

“बाबा, झेंडूचे जुने दर पायजेत का? लय जागा खाऊन राह्यले.”

सहदेवभाऊ हार ओवत होते. त्यांनी मान वर केली नाही. “कालच्या दरानं आज फूल खपते का रे? काढून टाक.”

फूल पिकवणाऱ्याचे हे बोलणे अगदी बरोबर होते. मी काय करणार? माझ्याजवळ तोंड नव्हते. मी फक्त विचारू शकत होतो, तेवढे पडद्यावर विचारले, ‘नक्की काढायचे का?’ जीवनने ‘होय’ दाबले. मग कचरापेटीही रिकामी केली. आकडा वाढवला आणि गेम लावला. ज्या जागी माणिकबाई गात होत्या, तिथे मी स्वतःच्या हाताने बंदुका आणि धूर मांडत गेलो.

“वा रे पठ्ठ्या! कसा पळून राह्यला!” त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. इतके कौतुक माझे कधी झाले नव्हते.

कोजागिरीला दिवे लागल्यावर मुली जमल्या. वर्षाली टेबलाजवळ उभी राहिली. “माही खिरापत ओळखा.”

“करंज्या!” शेजारची करिश्मा ओरडली.

“नाई.”

“मंग फुटाणे? डबा तं हलव ना वं!”

“डबाच नाई. ऐकाची खिरापत हाये. मायची गाणी हायेत.”

मुली टेबलाभोवती सरकल्या. सहदेवभाऊंच्या हातातला दुधाचा पेला हातातच राहिला. वर्षालीने माझ्यात शोधले. पुन्हा शोधले. “जीवन, झेंडूच्या दराचा फोल्डर कुठी गेला?”

जीवन दारातच खाली बसला. “ताई... थो तं म्या काढला. बाबाले इचारलं होतं.”

“त्याच्यात माय होती रे,” वर्षाली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मला मोटारसायकलवर अकोल्याला नेले. संगणक-दुरुस्तीच्या दुकानातल्या केदारने मला उघडले आणि पुष्कळ खटपट केली. “नुसतं काढलं असतं तर मिळालं असतं,” तो शेवटी म्हणाला. “पण त्या जागेवर दुसरं लिहिलं गेलंय, काका.” सहदेवभाऊ म्हणाले, “म्याच काढाले सांगितलं होतं,” आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

घरी आल्यावर जीवनने तो आकडा पहिल्यासारखा केला. गेमही काढून टाकला. त्याला वाटले असेल, जागा परत दिली तर गाणीही परत येतील. डिस्कवरची जागा मोकळी झाली. त्याने ती पुन्हा पुन्हा तपासली.

मित्रांनो, मला धुळीपासून जपा, पडण्यापासून जपा, ते तर चांगलेच. पण माझ्यात काही जिवाचे ठेवाल तर त्याला त्याचे खरे नाव द्या, घरातल्या एकाला तरी सांगा आणि दुसऱ्या ठिकाणीही ठेवा. काही पुसण्याआधी ते एकदा उघडून बघा. आम्ही यंत्रे सांगितलेले ऐकतो. काय मोलाचे आहे ते आम्हाला सांगता येत नाही.

आता वर्षाली रोजचे दर कागदावर लिहिते. जीवन कधीतरी ओढणी काढतो, मला सुरू करतो आणि ती मोकळी जागा बघत बसतो. तिथे त्याने आजवर काहीच ठेवलेले नाही.