वरच्या हॉलमधला नाच

उमाबाईंची सही अडली होती आणि त्या एका सहीपायी साठ पोरापोरींचा नाच अडला होता. पाच वाजायच्या आत परवानगीचा कागद प्राचार्यांच्या टेबलावर हवा, असा निरोप सकाळपासून दोनदा येऊन गेला होता.

कळंबच्या त्या कॉलेजात असलं काही आजवर झालं नव्हतं. निरोप समारंभाला इंग्रजीच्या कृष्णराज सरांनी शंभर वर्षांपूर्वीची अमेरिका उभी करायची ठरवली होती. जॅझचा जमाना. पोरींच्या कपाळाला पिसं खोवलेल्या पट्ट्या, गळ्यात गुडघ्यापर्यंत मोत्यांचे सर, पोरांच्या पँटींना खांद्यावरून गॅलिस. झग्यांच्या झालरी पडद्यांच्या दुकानातून आणल्या होत्या आणि पिसं कोंबड्यांची, सोनेरी रंगात बुडवलेली. संस्थेनं अट घातली होती ती एकच. जे काय नाचायचं ते चार भिंतींच्या आत, रस्त्यावरून दिसता कामा नये. चार भिंती म्हणजे वरच्या मजल्यावरचा हॉल. दुसरी जागाच नव्हती.

साठांतल्या तीस मुली वसतिगृहातल्या आणि उमाबाई त्यांच्या रेक्टर. पोरींना वाटायचं, बाईंना आखूड झगे खुपतायत. झगे खुपले असते तर बाईंनी तोंडावर सांगितलं असतं, त्या काही मूग गिळून बसणाऱ्यांतल्या नव्हेत. खरी गोष्ट सांगायचीच त्यांना लाज वाटत होती. सोमवारी तालीम चालली असताना त्या हॉलखालच्या कोठीत खांबाला टेकून उभ्या होत्या, आणि पाठीला हादरा लागला होता.

सांगणार कुणाला? बाई मूळच्या सास्तूरच्या. त्र्याण्णवच्या भूकंपात घर गेलं तेव्हा बारा वर्षांच्या. गेल्या साली रस्त्यावर रोलर फिरला, तर यांनी अख्खं वसतिगृह मैदानात आणून बसवलं. तेव्हापासून त्यांचं नाव भूकंप मॅडम. हे बारसं केलं वसतिगृहातल्याच हर्षालीनं, आणि आता नाचाची म्होरकीही तीच. बाईंचा स्वतःवरचाच भरवसा उडाला होता. स्लॅब हलतो की आपण हलतो, त्यांना कळेना. पण स्लॅबच हलत असला तर वर साठ लेकरं असणार होती.

धीर करून त्या सरांशी बोलल्या. सर हसले नाहीत, एवढं मात्र खरं.

"मॅडम, दुधानं तोंड पोळलंय तुमचं, म्हणून ताक फुंकताय," ते म्हणाले. "हॉल नाही तर कार्यक्रमच नाही. पोरांचं मन मोडू नका."

चार वाजता वर स्पीकर लागला. बाई जिना चढून थेट हर्षालीपाशी गेल्या.

"पाच मिनटं खाली ये."

"मॅडम, तालीम सुरू झाली."

"तुझ्याबिगर चालू दे. आल्यावर सही करते."

सहीचं नाव निघताच हर्षाली कागद घेऊन कपाळावरच्या पिसासकट खाली आली. कोठीतल्या मधल्या खांबाशी बाईंनी तिला उभं केलं.

"हात ठेव. काय कळतंय ते सांग. मी काही बोलणार न्हाय."

वर सॅक्सोफोन वाजत होता. पोरं अजून पावलं मोजत होती, गुडघे आत, गुडघे बाहेर. हर्षालीनं मिनिटभर हात ठेवला आणि मान हलवली.

"काय न्हाय हो, मॅडम."

बाई तिथल्याच एका पोत्यावर बसल्या.

"माझे अप्पा असंच म्हणायचे," त्या म्हणाल्या. "भूकंपाआधी कितीतरी महिने बारीक हादरे बसायचे. मी म्हणायची, अप्पा, जमीन हलायलीय. ते म्हणायचे, झोप, काय न्हाय. गणपती बुडवले त्या पहाटं अप्पा गेले. धाकटा भाऊ श्रीशैल गेला. जाऊ दे. आण तो कागद."

हर्षालीनं कागद पुढं केला नाही. तिचा हात अजून खांबावरच होता. वर मोजणं थांबलं, गाणं पूर्ण लागलं आणि सगळ्यांचे पाय एकदम फरशीवर आले. हर्षालीनं हात झटकन काढला. मग पुन्हा ठेवला. वरून चुन्याचा बारीक भुगा तिच्या मनगटावर पडला.

"हलतंय," ती म्हणाली आणि जिन्याकडं पळाली.

गाणं मध्येच बंद पडलं. वर आरडाओरडा, सरांचा चढलेला आवाज, मग जिन्यावर पावलंच पावलं. पोरं मैदानात आली, कुणी रडवेली, कुणी चिडलेली. सर एकटे कोठीत गेले. तुळईचा गिलावा हातभर चिरला होता. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता, आणि कार्यक्रम रद्द, एवढंच ते बोलू शकले.

आता बाईंना जाब विचारायला दहाबारा पोरी कोठीच्या दारात आल्या आणि तिथंच थबकल्या. बाई पोत्यावर बसून मोठ्यानं रडत होत्या, पदराचंही भान नव्हतं. एवढ्या वर्षांत त्यांना असं कुणी पाहिलं नव्हतं. हर्षाली पोरींना बाजूला सारून आत गेली आणि बाईंच्या शेजारी बसली. नाच गेला म्हणून तिचेही डोळे वाहत होते.

"खरंच हललं ना?" बाईंनी विचारलं.

"व्हय मॅडम. हललं."

बाईंनी तिचा हात घट्ट धरला.

"पुन्यांदा सांग," त्या म्हणाल्या.