तोफांच्या वाटेवर मुलाकडचे

महाराष्ट्र झाला त्या वर्षीच्या मार्गशीर्षातली ही गोष्ट. आमचे दादा, मोरोपंत, अमरावतीला वकिली करत, म्हणजे काळा कोट घालून कोर्टात जात. जीव त्यांचा गाविलगडात अडकलेला. इंग्रजांनी गड घेतला तेव्हा जड तोफा समोरून चढेनात, म्हणून डोंगरातून लांबचा वळसा घालून त्या गडाच्या उत्तर अंगाला ओढत नेल्या, ही हकीगत दादांना तोंडपाठ होती. दरवर्षी थंडीत त्या वळशाच्या वाटेनं ते माणसांना चालवत नेत. पुढे वाटाड्या म्हणून पायथ्याचा देवमन, त्याच्यामागे दादा आणि त्यांच्यामागे मास्तर, कारकून, कॉलेजची पोरं. जंगलात मुक्काम करत जायचं आणि प्रत्येक वळणावर थांबून दादांचं ऐकायचं. मी मुलींच्या शाळेत हेडमास्तरीण, मला दुसऱ्याचं ऐकायची सवय नाही. तरी दादांचं मी ऐकत असे, कारण त्या वाटेवर ते कोर्टापेक्षा फार चांगलं बोलत.

त्या वर्षी मात्र मास्तर नव्हते, कारकून नव्हते. त्या वर्षी मुलाकडचे होते.

दादांची मुलगी अनुपमा माझ्याच शाळेत शिकवायची. तिची दोन स्थळं दादांनी स्वतःच्या तोंडानं घालवली होती. एका मुलाच्या वडिलांनी पोहे खाता खाता गाविलगड औरंगजेबानं बांधला असं म्हटलं. दादांनी बशी खाली ठेवली आणि त्या गृहस्थांना बहामनी राज्यापासून सुरुवात करून असं काही धारेवर धरलं, की ते चहाला थांबले नाहीत. दुसऱ्या वेळी नरनाळ्याच्या किल्ल्यावरून वाजलं. तेव्हा आमच्या गोदावरीवहिनींनी दादांना देवासमोर उभं करून शपथ घ्यायला लावली : यापुढे मुलाकडच्यांसमोर "बरोबर आहे" याखेरीज एक शब्द काढायचा नाही.

तिसरं स्थळ अकोल्याचं. मुलगा हेमचंद्र, सरकारी रस्ते बांधणारा इंजिनियर. वडील लहानपणीच गेले, तेव्हा काकांनी सांभाळला. काका म्हणजे हरिहरपंत, बार्शीटाकळीचे, घरची शेती, आवाज मोठा, आणि आपलं म्हणणं खोडलं जाऊ शकतं ही गोष्ट त्यांच्या कानावर कधी आलेली नव्हती. फोटो दोन्हीकडे पसंत पडला. पण अनुपमानं अट घातली. पाटावर बसून मी मुलगा बघणार नाही, म्हणाली, त्यानं बाबांच्या वाटेवर आमच्याबरोबर चालावं.

मला तिनं बाजूला घेऊन सांगितलं, "आत्या, मुलगा बरा दिसतो. पण त्याला स्वतःचं तोंड आहे का, ते मला बघायचंय. पोहे खाताना कोणाचंच कळत नाही."

मला ते पटलं. मला बघायला आले होते तेव्हा मी चार माणसांच्या चपला तेवढ्या पाहिल्या होत्या, आणि त्यातली कुठली नवऱ्याची ते लग्नानंतर कळलं. पुढं ते फार दिवस जगलेही नाहीत. अनुपमाचं तसं होऊ नये असं मला मनापासून वाटे. आणि हे स्थळ जमावं असंही तितकंच वाटे.

तर आम्ही पायथ्याच्या धामणगाव गढीला मोटारीतून उतरलो. देवमन मुंडासं बांधून तयार होता. तो पुढे निघाला तसे काका थबकले. मुलाकडच्यांच्या पुढे कोणी चालायचं नसतं, ही रीत जंगलात लागू होते की नाही याचा विचार आमच्यापैकी कोणी केला नव्हता. काकांनी केला होता. त्यांनी काठी पुढे केली, दादांकडे पाहिलं, आणि दादांनी देवमनला हात धरून मागे घेतलं. मग सगळ्यांत पुढे काका, त्यांच्यामागे हेमचंद्र, मग दादा, अनुपमा, मी, आणि सगळ्यांत शेवटी वाटाड्या. ज्याला वाट ठाऊक होती त्याच्यापुढे आमची सगळ्यांची पाठ.

पहिला दिवस बरा गेला, कारण वाट एकच होती. संध्याकाळी देवमननं गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजले. पहिला रोडगा काकांना, दुसरा हेमचंद्रला, तूप दोघांना. दादा रोडगा हातात धरून उकिडवे बसले होते. काका म्हणाले, इंग्रजांच्या फौजेत सगळे गोरेच होते. दादांच्या घशात घास अडकला. ते पाणी प्यायले आणि म्हणाले, "बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्यापाशी फाटा आला. उजवीकडची वाट सागातून वर चढत होती, डावीकडची नाल्याच्या कडेनं खाली जात होती. काका क्षणभर उभे राहिले आणि डावीकडे वळले. मागून देवमन म्हणाला, "मालक, वर." काकांनी मान वळवून त्याला समजावलं, "तोफ किती जड असते, माहीत हाय काय तुले? जड वस्तू उताराले लागते. वर कोण चढवते?" आणि दादांना विचारलं, "काय वकीलसाहेब?"

दादांचे ओठ हलले. मला वाटलं, गेलं हेही स्थळ. पण त्यांनी डोळे मिटले, शपथ आठवली आणि म्हणाले, "बरोबर आहे."

गड डोंगरावर असतो हे शेंबड्या पोरालाही समजतं. आम्ही दिवसभर उतरत होतो. चांगला उजेड होता, डोंगर पाठीमागे सरकत चालला होता, सागाची पानं मोठी होती ती छोटी झाली, बांबू संपला, मग पळस लागले, मग बोरी लागल्या, आणि सहा शहाणी माणसं एकामागे एक, तोंडातून अक्षर न काढता, गड चढायला म्हणून उतरत होती. हेमचंद्र रस्त्यांचा इंजिनियर. चढ आणि उतार यांतला फरक ओळखण्याचा त्याला पगार मिळत होता. मी त्याच्याकडे रोखून पाहिलं, तर तो मान खाली घालून पायाखालचा मुरूम तपासत होता. अनुपमाही त्याच्याकडे पाहत होती. तिच्या कपाळावरची आठी वाढत चाललेली मला दिसली. मी देवमनला हळूच म्हटलं, आता काय रे करायचं? तो म्हणाला, मले काय बाई, उतरणं सोपं जाते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सरळ कापसाच्या वावरात निघालो. गावातल्या बाया ओटी बांधून कापूस वेचत होत्या. त्यातली एक, मैनाबाई नावाची, कंबर ताठ करून उभी राहिली आणि आमची वरात बघू लागली. कुठं चालले म्हणून तिनं विचारलं. काकांनी ऐटीत सांगितलं, गाविलगडावर.

"गड तं तुमच्या मांगं राहिला न, बापा," ती म्हणाली आणि बोटानं दाखवला. आमच्या पाठीमागे, उन्हात, गाविलगडाचा अख्खा डोंगर उभा होता.

काका त्याच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ही बाई शेतातली, हिला इतिहास कसा माहीत असणार. आणि दादांकडे वळले. दादांनी तोंड उघडलं. तेवढ्यात अनुपमा पुढे झाली.

"काका, आपण कालपासून चुकीच्या वाटेनं चालून राहिलो," ती म्हणाली. "बाबांना माहीत आहे. तुमच्या पुतण्याला माहीत आहे. देवमनला तर न चालताच माहीत होतं. बाबा घाबरून बोलत नाहीत, कारण तुम्ही मुलाकडचे. पण तोफा उतारानं गडावर जात नाहीत."

बायांनी कापूस वेचणं थांबवलं. काकांचा चेहरा मिरचीसारखा लाल झाला. ते म्हणाले की मुलगी फार बोलते, आमच्या घरात असं चालत नाही, हे स्थळ मोडलं असं समजा. हेमचंद्र तिथंच होता. तो आता पायाखालची काळी माती तपासत होता. मला त्याला दोन्ही खांद्यांना धरून हलवावंसं वाटलं.

दादांनी मात्र अत्यंत नम्रपणे विचारलं, "मोडलं म्हणजे नक्की मोडलं ना?"

"नक्की."

"आता आपलं नातं काही नाही?"

"काही नाही."

दादांनी खांद्यावरची पडशी खाली ठेवली, टोपी नीट केली, आणि दोन दिवसांचं साठवलेलं बाहेर काढलं. जड वस्तू उताराला लागते म्हणणाऱ्यानं विहिरीतून पाणी वर काढून आपल्या घरचा माठ तरी कसा भरला असेल, इथपासून ते फौजेत देशी शिपाई किती मोठ्या संख्येनं होते, इथपर्यंत. काकाही मागे हटणारे नव्हते. त्यांनी दादांचा कोट, अमरावतीची वकिली आणि एकूण पुस्तकं वाचणारी माणसं यांचा समाचार घेतला. वावराच्या मधोमध दोघं हातवारे करत उभे, आणि बाया धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून ऐकतायत. दादांना इतकं आनंदात मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. शेवटी काका गरजले, "मंग दाखवा कुठून गेल्या ते. नाही दाखवलं तं पाहून घेईन तुमच्याले." समोरच्या सडकेवर अकोल्याकडे जाणारी मोटार मिळत होती, पण भांडण अर्धं टाकून घरी जाणारा माणूस मी वऱ्हाडात अजून पाहिलेला नाही.

मग आम्ही परत डोंगराला लागलो. आता पुढे देवमन, त्याच्यामागे दादा आणि काका बरोबरीनं, भांडत भांडत. धाप लागली की बसत, पाणी पीत, एकमेकांना भांडं देत, आणि पुन्हा सुरू करत. चढावर दादांनी वाटेच्या दोन्ही अंगांना खोदून मागे सारलेल्या दरडी दाखवल्या आणि तोफा ओढणाऱ्या बैलांच्या लांब माळेला वळायला जागा लागते, ती इथेच आहे, असं समजावलं. काका म्हणाले, हं. पहिल्यांदाच त्यांनी हं म्हटलं.

मी, अनुपमा आणि हेमचंद्र मागून चालत होतो. हेमचंद्र स्वतःहून म्हणाला की मला नाल्यापाशीच कळलं होतं. अनुपमानं विचारलं, मग बोलला का नाहीत? तो म्हणाला, "काकांसमोर मी आजवर कधी बोललो नाही. वडील गेल्यावर त्यांनी शिकवलं. जीभ उचलत नाही."

अनुपमानं चालण्याचा वेग वाढवला. स्थळ मोडलेलंच होतं, तरी मला चुटपुट लागली. मुलगा वाईट नव्हता. वाईट असता तर मला इतका राग आला नसता.

पुढल्या दुपारी आम्ही गडाच्या उत्तरेला, समोरच्या पठारावर पोचलो. समोर खिंडीपलीकडे तटबंदी होती, खिंडार पडून ढासळलेली. दादांनी काही भाषण केलं नाही. नुसता हात केला. काका कितीतरी वेळ त्या खिंडाराकडे पाहत उभे होते. एवढ्या तोफा एवढ्या डोंगरातून ओढल्या, आणि आतली माणसं रोज त्यांची वाट बघत असतील, असं काहीतरी ते स्वतःशीच म्हणाले. मग दादांकडे वळले.

"वकीलसाहेब, माणूस तुम्ही खरे निघाले. मी मोडलं ते मागं घेतो. पोरगी पसंत हाय आमाले."

मला आनंदानं भरून आलं, आणि लगेच मी दादांकडे पाहिलं. त्यांचे हात आपोआप जोडले गेले होते. खांदे खाली आले होते. काल वावरात गरजणारा माणूस कुठं गेला, त्याचा पत्ता नव्हता. मुलीचा बाप परत आला होता.

काकांना तर उत्साह चढला. शेजारी दगडांचं एक गोल कुंपण होतं. त्याच्या आत जमिनीवर काठी आपटून ते म्हणाले, "म्हणजे इंग्रजांचा तोफा ठेवायचा चौथरा हाच. काय वकीलसाहेब?"

"बरोबर" हा शब्द त्यांच्या ओठांवर आलेला मला दिसला. अनुपमालाही ते कळलं असेल, पण ती बापाकडे पाहतच नव्हती. ती हेमचंद्रकडे पाहत होती.

हेमचंद्रनं घाम पुसला. दोन वेळा तोंड उघडून मिटलं.

"काका, हा गवळ्यांचा म्हशी कोंडायचा वाडा आहे."

काका फिरले. "कशावरून?"

"शेण आहे. ओलं आहे." त्याचा आवाज कापत होता, पण थांबला नाही. "आणि वकीलसाहेबांना होय म्हणायला लावू नका. ते इथलं आपल्यापेक्षा चांगलं जाणतात. नाल्यापाशी चुकलो तेव्हाच मी बोलायला हवं होतं. तुमच्यासारखा मला कोणी नाही, म्हणूनच बोलून राहिलो."

काकांनी काठीच्या टोकाला लागलेलं शेण पाहिलं, मग पुतण्याकडे पाहिलं. रागवावं की काय करावं हे त्यांना ठरवता येईना. लहानपणापासून सांभाळलेला मुलगा आज पहिल्यांदा बोलत होता, आणि तेही त्यांच्याविरुद्ध. त्यांच्या डोळ्यांत पाणी आल्यासारखं मला वाटलं. माझ्या तर आलंच.

अनुपमानं पदर खोचला आणि सरळ काकांसमोर जाऊन उभी राहिली. "आमच्याकडूनही पसंत आहे," ती म्हणाली.

"तुमच्याले कोणी विचारलं अजून?"

"विचारणार नाहीत असं वाटलं, म्हणून सांगितलं."

काकांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "घरी आल्यावर असंच बोलशील काय?"

"नाही," अनुपमा म्हणाली. "तुम्ही चुकाल तेव्हाच."

"मंग रोजचंच झालं," काका म्हणाले, आणि म्हशींच्या वाड्याच्या भिंतीवर बसून त्यांनी दादांना शेजारी जागा करून दिली.